मावशीच्या नावावर गेलेली गाठ

ऐंशीच्या दशकात मी कुंभकोणमला पॅथॉलॉजीची लॅब उघडली, आणि गावातल्या सर्जन मंडळींबद्दल माझं जे मत पहिल्या महिन्यात झालं ते शेवटपर्यंत बदललं नाही. गाठ कापायची, ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायची, लिंबाएवढी की नारळाएवढी ते सांगून कौतुक करून घ्यायचं, आणि मग टाकून द्यायची. चुकून एखाद्याला सद्बुद्धी झाली तर ती गाठ माझ्याकडे यायची, पण कशात? लोणच्याच्या बरणीत, मिठाच्या पाण्यात, दोन दिवसांनी. झाकण उघडलं की हिंगाचा वास आधी आणि कुजल्याचा मागून. वर चिठ्ठी: ‘गाठ. कृपया बघावी.’ बघते, बाबा! पण कोणाची? कुठली? वय काय? फोन केला तर पलीकडून आवाज यायचा, ‘असेल चाळीस-पन्नास.’

मी आरडाओरडा करायची. गाठीच्या बाबतीत वय म्हणजे अर्धं निदान, हे मी त्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं की त्यांनी माझं नाव ‘वयवाली अम्मा’ पाडलं. नाव-वय नसलेला नमुना मी सरळ परत पाठवायची. ‘फार ताठा आहे बाईला,’ असं म्हणत. होता. अजून आहे.

आमच्या लोकांबद्दलही सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. मराठ्यांचं राज्य तंजावरला आलं तेव्हा आलेली ही घराणी. राज्य गेलं, मंडळी राहिली. कोणी बँकेत, कोणी विम्यात, कोणी मास्तर. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि ती मराठी अशी की पुण्याची माणसं ऐकून गालात हसतात. (मी लेकीकडे पुण्यात येऊन वीस वर्षं झाली, हे आत्ता लिहितेय ते छापील मराठी इथे शिकले. हसणाऱ्यांना तमिळमध्ये दोन वाक्यं बोला म्हटलं की हसू कुठल्या कुठे जातं.) आमची घरं मोजकी, त्यामुळे प्रत्येक जण प्रत्येकाचा कोणीतरी. अशा ठिकाणी काही लपून राहू नये. पण लपवण्यातच आमची हयात गेली. कोणाला फिट येते, कोणाच्या बहिणीला कोड आहे, कोण वेड्यांच्या इस्पितळात राहून आला, सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि सगळ्यांनी ठाऊक नसल्याचं सोंग करायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, धाकट्या मुलीच्या मांडीत गाठ आली. एकोणीस वर्षांची पोर, कॉलेजात बी.एस्सी.ला, जिभेला हाड नसलेली. आमच्या घरात माझ्याशी भांडायची छाती असलेली ती एकटीच, म्हणून माझी लाडकी. चार महिने गाठ वाढत होती आणि तिने आईला दाखवली होती. वैनींनी तेल चोळलं. मग शेक दिला. मग मारुतीला वड्यांची माळ. मला सांगितलं नाही, कारण थोरलीचं लग्न मद्रासच्या एका घरात ठरत होतं. घरात डॉक्टर नणंद असून चार महिने तेल! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर गावालाही जाऊ दिलं नव्हतं.

शेवटी मला कळलं तेव्हा तुकडा मीच काढवून घेतला आणि मीच पाहिला. सार्कोमा होता, म्हणजे मांस-हाडांतला कॅन्सर, आणि वाईट जातीचा, ह्यात शंका नव्हती. पण कुठला? सार्कोमा मुळात दुर्मीळ, त्यात ह्याच्या पेशी काही ठिकाणी चात्यांसारख्या लांबट, काही ठिकाणी गोल गोल. दोन शक्यता होत्या. एक, म्हाताऱ्या माणसांत येणारी जात: तिला औषधांचा फारसा उपयोग नाही, कापायचं आणि देवावर सोडायचं. दुसरी, तरुण पोरांत येणारी: ती अंगावर धावून येते, पण वेळेवर जबर औषधं दिली तर विरघळते, माणूस वाचू शकतो. कोणती जात, ह्यावर पोरीचा जीव होता. इतकं साधं होतं ते.

मद्रासला एक मोठे तज्ज्ञ होते, त्यांना तुकड्याची काच, म्हणजे स्लाइड, पाठवायची ठरली. तेव्हा अण्णांनी दार लावून घेतलं.

‘नाव घालू नको,’ ते म्हणाले. ‘तिथला क्लार्क आपल्यातलाच आहे. थोरलीच्या होणाऱ्या सासऱ्याचा चुलतभाऊ.’

‘मग काय घालू? बेवारस?’

वैनी म्हणाल्या, ‘मावशींचं घाला. त्यांना आता कुठे लग्न करायचंय?’

मावशी म्हणजे आमच्या आईची धाकटी बहीण. विधवा, मूलबाळ नाही, कुंभकोणमजवळ मरुदानल्लूरला एकटी राहायची. वय बावन्न. नाव मावशीचं तर वयही मावशीचंच घालायला हवं, नाहीतर क्लार्कला कळेल, हेही वैनींनीच सुचवलं. आणि मी, वयवाली अम्मा, साऱ्या गावाला बरण्या परत करणारी, खाली बसले आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: स्त्री, वय बावन्न. मला वाटलं होतं की तज्ज्ञांना फोनवर खरं सांगेन. डोंबल सांगितलं!

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ‘ह्या वयात ही बहुधा पहिली जात. भोवतीच्या मांसासकट रुंद कापावं. औषधांनी विशेष फायदा नाही.’ आणि खाली, त्या भल्या माणसाने आपल्या हाताने एक ओळ जास्त लिहिली होती: ‘रुग्ण विशीतली असती तर मी दुसऱ्या जातीचा विचार केला असता.’

मी ती ओळ अण्णांना वाचून दाखवली. दोनदा. केमो सुरू करू या, म्हटलं. वैनी रडायला लागल्या की केस जातील, लग्नघरात टकली पोर बसली तर लपणार कसं. अण्णा म्हणाले, ‘एवढे मोठे तज्ज्ञ औषध नको म्हणतात आणि तू हो म्हणतेस?’ तज्ज्ञांना आपण काय सांगितलंय ते विसरले का, असं मी विचारलं. मग मीच एक तोड काढली, आणि ती तोड सगळ्यांना इतकी आवडली की आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

माझा कॉलेजातला एक वर्गमित्र अमेरिकेत एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये होता. तिथे नवीनच काम चाललं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून वेगळ्या असतात, त्या आतून ओळखायच्या. प्रत्येक पेशीत जनुकं तीच, पण कुठली जागी आहेत आणि कुठली झोपली आहेत हे गाठीगाठीत वेगळं. काचेच्या एका पट्टीवर हजारो जनुकांचे ठिपके, त्यावर गाठीतला अर्क सोडायचा, आणि कोणता ठिपका किती उजळतो ते यंत्राने मोजायचं. लग्नाच्या मांडवात सगळे वेष्टी, म्हणजे पांढरं धोतर, नेसलेले. मुलीचा बाप कोण हे कपड्यांवरून कळत नाही, पण कोण ओरडतंय आणि कोण झोपलंय हे पाहिलं की लगेच कळतं. तसंच हे. दुर्मीळ सार्कोमा त्याला हवेच होते, कारण दुर्मीळ म्हणजे जगभरातून एकेक गोळा करावा लागतो. तो म्हणाला, ‘हा अभ्यास आहे, तपासणी नाही. पण तुझी गाठ कुठल्या घोळक्यात जाऊन बसते ते तुला सांगेन.’

‘अमेरिकेचं उत्तर आलं की मग औषधांचं बघू,’ अण्णा म्हणाले. अमेरिका म्हटलं की आमच्या लोकांची अक्कल गहाण पडते. माझी तर आधीच पडली होती.

अडचण एकच. तो अर्क गाठ कापल्यावर काही मिनिटांत नासायला लागतो. फॉर्मॅलिन चालत नाही, बरणी तर नाहीच; जागच्या जागी गोठवायला हवं. कुंभकोणममध्ये एवढं गार काय होतं? गुरांच्या दवाखान्यात जर्सी बैलांचं बीज ठेवायला द्रव नायट्रोजनचा डबा होता. तिथले पशुवैद्य डबा घेऊन स्वतः ऑपरेशनच्या दिवशी हजर झाले, दाराबाहेर दोन तास बाकावर बसले, आणि मी तुकडा आणला तसा मिनिटाच्या आत नायट्रोजनमध्ये सोडला. त्यांच्या डब्यातली एक कांडी त्यांनी मला दाखवली. त्यावर बैलाचा नंबर, जात, तारीख सगळं छापलेलं. ‘चिठ्ठी चुकली तर वासरू कोणाचं हे कसं कळणार, अम्मा?’ ते म्हणाले. ह्या सगळ्या प्रकरणात मला भेटलेला एकुलता एक शास्त्रज्ञ तो. मी त्यांचे आभार मानले आणि पोरीच्या तुकड्यावर मावशीच्या नावाची चिठ्ठी लावली.

लावावीच लागली. अमेरिकेच्या फॉर्मबरोबर मद्रासच्या रिपोर्टची प्रत जोडायची होती, आणि त्यात बावन्न वर्षांची बाई होती. एक खोटं लिहिलं की दुसरं आपोआप लिहिलं जातं. संमतीच्या कागदावर मावशीची सही मीच ठोकली. पत्ताही मावशीचाच दिला, कारण माझ्या लॅबमधला कारकून माझी पत्रं फोडायचा. म्हटलं, काही आलं तर मावशी मला निरोप धाडेलच.

ऑपरेशन छान झालं. पाय वाचला. पोर काठी घेऊन चालायला लागली, सगळे खूश. तिला ‘चरबीची गाठ’ असं सांगितलं होतं, आणि ती माझ्याकडे अशी बघायची की मी नजर चुकवायची. थोरलीचं लग्न थाटात झालं. धाकटीचा पाय मुरगळला आहे असं पाहुण्यांना सांगितलं गेलं. आणि ऐका गंमत: लग्नाला वर्ष झाल्यावर थोरलीला कळलं की तिच्या सासूचा एक स्तन सात वर्षांपूर्वीच काढलेला आहे. त्यांनीही लपवलं होतं, आमच्याकडच्या लोकांना कळू नये म्हणून. वा रे व्याही! दोन्हीकडून मुठी झाकलेल्या.

अमेरिकेचं उत्तर काही येईना. एक महिना, दोन, चार. मी दोन पत्रं टाकली, त्यांनाही उत्तर नाही. पाचव्या महिन्यात पोर खोकायला लागली. एक्स-रे मीच दिव्यासमोर धरला. दोन्ही फुप्फुसांत गोल गोल डाग. मी लॅबमधून सरळ बसस्टँडजवळच्या फोन बूथवर गेले आणि वर्गमित्राला फोन लावला.

तो माझ्यावर उखडला. इतका की पहिल्यांदा मला वाटलं राँग नंबर लागला.

‘तू मला कोणाची गाठ पाठवलीस?’ तो म्हणाला. ‘ती गाठ लहान पोरांच्या गाठींच्या मधोमध जाऊन बसली. बावन्न वर्षांच्या बाईत ती जात आम्ही कधी पाहिली नाही. आम्हाला वाटलं नमुने बदलले. म्हणून फॉर्म सांभाळणाऱ्या ऑफिसने त्यावरच्या पत्त्यावर पत्र पाठवलं, वय कळवा म्हणून. तर त्या बाईचं उत्तर आलं की मला कसली गाठच नाही, मी कधी ऑपरेशन केलेलं नाही. म्हणजे संमतीवरची सही खोटी, फॉर्म खोटा. माझ्या साहेबांनी मला उभं केलं. नमुना बाद केला आम्ही.’

‘मधोमध बसली?’ मी विचारलं.

‘अगदी मधोमध. म्हणून तर संशय आला.’

म्हणजे उत्तर केव्हाचं तयार होतं. बरोबर होतं. आणि बरोबर होतं म्हणूनच कपाटात बंद केलं गेलं, कारण मी जे लिहून दिलं होतं त्याच्याशी ते जुळत नव्हतं. मी बूथमध्ये उभी राहून रडले. बाहेर रांगेत उभा असलेला माणूस काचेवर टकटक करत होता. त्याला मी तमिळमध्ये जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

त्याच दुपारी मरुदानल्लूर गाठलं. मावशी भजनाच्या तयारीत होती, झांजा पुसत होती. पत्र आलं होतं म्हणाली, इंग्रजी. शेजारच्या निवृत्त मास्तरांकडून वाचून घेतलं आणि त्यांच्याकडूनच उत्तर लिहवलं. देवाच्या कृपेने मी ठणठणीत आहे, आपला काहीतरी घोटाळा झाला आहे, कळावे. मला का कळवलं नाहीस, म्हणून मी तिच्या अंगावर गेले.

‘काय कळवायचं? अमंगळ पत्र. माझ्या अंगात कॅन्सर आहे असं परदेशातून लिहून येतं, ते मी चार घरी सांगत फिरू?’

मग मी तिला सगळं सांगितलं. ती झांज हातात धरून बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मला नीट दिसलं, पण आवाज अगदी थंड होता.

‘पोरीसाठी माझं नाव हवं होतं, तर मागायचं होतंस,’ मावशी म्हणाली. ‘गाठ माझीच आहे म्हणून दहा कागदांवर सही केली असती. बावन्न वर्षं ह्या लोकांत काढली, मला काय खोटं बोलता येत नाही असं वाटलं तुला?’

आयुष्यात मला जे टोमणे बसले त्यांतला हा एकच खरा लागला.

मद्रासला नेऊन औषधं सुरू केली. वरातीमागून घोडं. आणि दुर्दैव असं की औषधं लागू पडली! दुसऱ्या महिन्यात डाग निम्मे झाले. मी एक्स-रे शेजारी शेजारी लावून पाहत होते आणि मला आनंद होत नव्हता, राग येत होता, कारण जे सहा महिन्यांपूर्वी झालं असतं ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. केस गेले. कोणी काही म्हणालं नाही. ज्या लोकांच्या भीतीने आम्ही हे केलं, त्यांतल्या बायका डबे घेऊन आल्या, दोन घटका बसल्या आणि गेल्या. एवढंच असतं ते लोक-काय-म्हणतील.

पोरीला मीच सांगितलं. अण्णा-वैनी नको म्हणत होते, पण आता त्यांचं ऐकायची माझी इच्छा संपली होती. सगळं सांगितलं: तेलापासून ते बाद झालेल्या नमुन्यापर्यंत. ती पलंगावर उशीला टेकून ऐकत होती. मला वाटलं शिव्या देईल. ती आधी मावशीच्या उत्तरावर खोखो हसली. मग खोकली. मग म्हणाली, ‘म्हणजे तिथे त्या काचेवर मी आहे, आणि कागदावर नाही.’

‘हो.’

‘आई-अप्पांचं सोड, आत्या. तू तरी माझं नाव लिहायचंस.’

मी वर्गमित्राला खरं पत्र लिहिलं, खऱ्या वयासह, तिच्या स्वतःच्या सहीने. तो मूळचा वाईट माणूस नव्हे. साहेबांशी भांडून त्याने नमुना परत अभ्यासात घेतला. आणि तेव्हा त्याने मला सहज कळवलं की नावं त्यांच्या लॅबमध्ये कोणी वाचतच नाही. फॉर्म आला की नाव कुलपात जातं आणि नमुन्यावर आकडा लागतो. तिचं नाव लिहिलं असतं तरी त्या लॅबमध्ये ते कोणी पाहिलं नसतं. आम्ही ज्यांच्यापासून लपवत होतो, त्यांना बघायचंच नव्हतं.

डाग परत आले, आणि दुसऱ्यांदा औषधांना दाद दिली नाही. वीस पूर्ण व्हायला दीड महिना होता तेव्हा ती गेली. अण्णांनी सगळ्यांना न्यूमोनिया सांगितला. मी शेजारीच उभी होते.

आता अण्णा नाहीत, मावशी नाही. वैनी आहेत, मद्रासला, थोरलीकडे. मी हे लिहितेय असं कोणीतरी त्यांना सांगितलं. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मला वाटलं लिहू नका म्हणतील, आणि मी भांडायला तयार होऊन बसले होते. पण त्या म्हणाल्या, ‘लिहा. खरं आहे ते सगळं लिहा. फक्त तिचं नाव घालू नका. थोरलीच्या मुलीचं बघायचं चाललंय.’

मी कागद पुढे ओढला आणि वरपासून पुन्हा वाचलं. पोर, धाकटी, लाडकी. तिचं नाव कुठेच नव्हतं. वैनींनी सांगायच्या आधीच नव्हतं.